वाहननिर्मितीत सतत सुधारणा आणि गुणवत्ता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर-अंबड या पट्ट्यांतले ऑपरेटर, डिप्लोमा करून नुकतेच लागलेले ट्रेनी, लहान कारखाने चालवणारे उद्योजक आणि गाडी विकत घेणारे ग्राहक हे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. शॉपवर उभं राहून कामी येतील अशी उत्तरं इथे दिली आहेत.

कायझेन म्हणजे नेमकं काय? सुधारणा तर प्रत्येक कारखान्यात होतच असते.

होते, पण बहुतेक ठिकाणी ती वरून येते. नवीन मशीन येतं, नवीन सॉफ्टवेअर येतं, सल्लागार येतात. कायझेनमध्ये सुधारणा करतो तो ते काम रोज करणारा माणूस. त्याला हात लांब करून बोल्ट घ्यावा लागत असेल, तर बोल्टची बिन जवळ आणायची. दोन सारखे दिसणारे ब्रॅकेट एकाच ट्रॉलीत येत असतील, तर त्यांच्या जागा वेगळ्या करायच्या. बदल लहान असतो, खर्च जवळपास नसतो. पण तो मोजायचा, टिकला तर कामाच्या लेखी पद्धतीत घालायचा आणि पुढची सुधारणा त्या नव्या पद्धतीवर करायची.

लेखी पद्धतीत घालण्याचं कामच आपल्याकडे सर्वांत जास्त राहून जातं. तीन शिफ्टला तीन ऑपरेटर आपापल्या हाताला बसेल तसं काम करत असतील, तर फर्स्ट शिफ्टच्या माणसाने शोधलेली युक्ती नाइटवाल्याला कळतही नाही. तो माणूस दुसऱ्या लाइनवर गेला की युक्तीही गेली. म्हणून ओहनो यांच्या परंपरेतले लोक ठरलेल्या कार्यपद्धतीवर एवढा भर देतात.

हे ओहनो कोण? आणि याची सुरुवात कुठे झाली?

ताइइची ओहनो हे टोयोटाचे इंजिनिअर. आज जिला टोयोटा उत्पादन पद्धती म्हणतात, तिची बांधणी मुख्यतः त्यांनी केली. मूळ मात्र त्याच्याही आधीचं आणि गाड्यांच्या बाहेरचं आहे. टोयोटाच्या संस्थापकांचे वडील साकिची टोयोडा यांनी केलेला स्वयंचलित माग सूत तुटलं की आपोआप थांबत असे. १९२४ मध्ये त्यांच्या जी प्रकारच्या मागाने हे तंत्र पूर्णत्वाला नेलं. माग थांबल्यामुळे सदोष कापड विणलंच जात नसे, आणि प्रत्येक मागाशी एक माणूस पहारा देत बसण्याची गरजही उरत नसे. दोष दिसला की थांबायचं, हा विचार तिथून गाड्यांच्या कारखान्यात आला.

दुसरा धागा तंगीचा. १९५० मध्ये टोयोटा बुडायच्या बेतात होती. संप झाला, दोन हजारांहून अधिक कामगारांना जावं लागलं आणि संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी राजीनामा दिला. त्याच वर्षी कंपनीतलेच एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा रिव्हर रूज कारखाना पाहून आले. तेवढी यंत्रं घ्यायला पैसा नव्हता, तेवढा माल साठवायला जागा नव्हती आणि तेवढ्या गाड्या घ्यायला गिऱ्हाईकही नव्हतं. म्हणून लागेल तेव्हा, लागेल तेवढंच बनवायचं आणि जे बनवायचं ते पहिल्याच फटक्यात बरोबर बनवायचं, याशिवाय मार्ग नव्हता. १९५१ मध्ये टोयोटात कामगारांच्या सूचनांची योजना सुरू झाली.

तिसरा धागा संख्याशास्त्राचा. १९५० च्या उन्हाळ्यात अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी जपानी इंजिनिअर आणि कंपनीप्रमुखांना व्याख्यानं दिली. १९५१ पासून त्यांच्या नावाचं पारितोषिक सुरू झालं. टोयोटाला ते १९६५ मध्ये मिळालं. १९६२ पासून काओरू इशिकावा यांच्या पुढाकाराने गुणवत्ता मंडळं, म्हणजे क्वालिटी सर्कल, उभी राहिली.

शेवटी कडक तपासणी ठेवली की झालं. एवढा खटाटोप कशाला?

एक हिशेब करून बघा. गाडी ५० स्टेशनांवरून जाते आणि प्रत्येक स्टेशन ९९ टक्के बरोबर काम करतं असं धरा. ऐकायला छान वाटतं. पण ०.९९ ला ५० वेळा गुणलं की उरतात साधारण ०.६०. म्हणजे शंभरातल्या ६० गाड्या सरळ पास होतील आणि ४० गाड्यांना कुठे ना कुठे हात लावावा लागेल. स्टेशनं १०० असतील तर सरळ पास होणाऱ्या गाड्या ३७ च्या आसपास येतात.

शिवाय शेवटी उभ्या असलेल्या तपासनिसाला सगळं दिसत नाही. स्पॉट वेल्ड वरून गोल, नीट दिसतं. आत नगेट, म्हणजे पत्रे वितळून झालेला सांधा, पुरेसा झाला आहे की नाही ते डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी छिन्नी घालून बघावं लागतं किंवा ठरावीक काळाने एक पूर्ण बॉडी फोडून वेल्ड तपासावे लागतात. फोडलेली बॉडी विकता येत नाही. म्हणून वेल्डचा करंट, दाब, वेळ आणि इलेक्ट्रोडच्या टोकाची झीज यांवर लक्ष ठेवणं हाच खरा उपाय. सीट बसवल्यावर तिच्याखालचा बोल्ट, डॅशबोर्ड बसवल्यावर मागचा कनेक्टर, ट्रिम लागल्यावर आतली क्लिप, या सगळ्या गोष्टी पुढच्या स्टेशनला झाकल्या जातात. ज्याने बसवलं त्यालाच त्या क्षणी खात्री करता आली पाहिजे.

ऑपरेटरने लाइन थांबवायची म्हणजे उत्पादन बुडणार नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण याच ठिकाणी कंपनीचा खरेपणा कळतो.

आधी पद्धत समजून घ्या. स्टेशनवर दोरी किंवा बटण असतं. ऑपरेटरला काही खटकलं की तो दोरी ओढतो. अँडन बोर्डावर, म्हणजे लाइनवरच्या दिव्यांच्या फलकावर, त्याच्या स्टेशनचा दिवा लागतो, धून वाजते आणि टीम लीडर धावत येतो. लाइन लगेच थांबत नाही. गाडी त्या स्टेशनच्या शेवटच्या खुणेपर्यंत सरकते. तोवर अडचण सुटली तर दोरी पुन्हा ओढून दिवा घालवतात आणि लाइन अखंड चालू राहते. सुटली नाही तरच थांबते. म्हणजे दोरी ओढणं म्हणजे मदत मागणं, आणि मदत काही सेकंदांत यायलाच हवी. टीम लीडरकडे वीस-पंचवीस माणसं असतील तर तो पोचूच शकत नाही. टोयोटात तो चार-सहा माणसांमागे एक असतो, त्याचं कारण हेच.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणं आणि खराब गाड्यांसाठी बदनाम होता. १९८२ मध्ये तो बंद झाला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने तोच कारखाना नम्मी या नावाने भागीदारीत उघडला. कामगार बहुतांश तेच, युनियनही तीच. काही जणांना जपानमधल्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवलं. तिथे एका साध्या कामगाराच्या हाकेला सगळे धावून येतात हे त्यांनी पाहिलं. दोन-एक वर्षांत त्या कारखान्याच्या गाड्या गुणवत्तेत जपानी गाड्यांच्या तोडीला आल्या आणि गैरहजेरी कोसळली. माणसं वाईट नव्हती, त्यांना थांबवायचा अधिकार नव्हता.

आपल्याकडे अनेक लाइनींवर दोरी आहे, दिवाही आहे. पण ओढली की सुपरवायझर आधी विचारतो, "का थांबवलीस रे?" दोन वेळा तसं झालं की तिसऱ्या वेळी माणूस गप्प बसतो आणि सैल बोल्टची गाडी पुढे जाते. ज्या लाइनवर दिवसभरात एकदाही अँडन वाजत नाही, तिथे सगळं उत्तम चाललंय असं समजू नका. तिथे जाऊन माणसांशी बोला.

पाच वेळा 'का' विचारायचं म्हणजे कसं? एखादं उदाहरण द्या.

भोसरीसारख्या भागात घडणारं एक उदाहरण घेऊ. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लेथवर, हबचा बोअर, म्हणजे मधलं भोक, होतो. शुक्रवारी पहिल्या शिफ्टमध्ये रिजेक्शन वाढतं. बाकीचे दिवस ठीक.

जॉब का गेले? बोअर मोठा झाला. का मोठा झाला? ऑपरेटरने ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेची दुरुस्ती, वाढवला होता. का वाढवला? सकाळी पहिला जॉब लहान आला होता, म्हणून त्याने नियमाप्रमाणे दुरुस्ती केली. पहिला जॉब लहान का आला? गुरुवारी साप्ताहिक सुट्टी, मशीन चोवीस तासांहून जास्त बंद. स्पिंडल आणि बॉलस्क्रू थंडगार. तासाभरात ते तापले, माप सरकलं आणि सकाळी दिलेली दुरुस्ती आता जास्तीची ठरली. मग थंड मशीनवर पहिला जॉब का पास करून घेतला? कारण शिफ्ट सुरू करण्याच्या चेकशीटमध्ये मशीन तापवायची पायरीच नव्हती.

उपाय : सुट्टीनंतर पंधरा-वीस मिनिटं स्पिंडल आणि स्लाइड मोकळ्या फिरवायचा प्रोग्रॅम, तो झाल्यावरच फर्स्ट पीस अप्रूव्हल, आणि पहिल्या तासात माप घेण्याची वारंवारता दुप्पट. खर्च वीस मिनिटांच्या विजेचा. दुसऱ्या 'का'ला थांबलो असतो तर "ऑपरेटरला समज दिली" एवढं लिहून कागद बंद झाला असता आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच.

मग 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' हे मूळ कारण कधीच लिहायचं नाही?

नाही. चूक माणसाकडून झाली असेल, तरी ती होऊ कशी शकली हा पुढचा प्रश्न उरतोच. "प्रशिक्षण दिले" एवढंच उत्तर असलेला ८डी अहवाल (दोषाचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा) मी अपुरा मानतो.

पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी सोय, खर्चिक असतं का?

बरंच स्वस्तात होतं. पार्ट उलटा बसूच नये म्हणून फिक्स्चरमध्ये एक पिन. डावा-उजवा ब्रॅकेट मिसळू नये म्हणून एकाच्या भोकाची जागा थोडी सरकवलेली. चार नट काढता येतील असा ट्रे, म्हणजे गाडी पुढे जाताना एक नट उरला तर लगेच कळतं. थोडा जास्त खर्च करायची तयारी असेल तर नटरनर, म्हणजे नट आवळणारं यंत्र, मोजतं : चारही नट ठरलेल्या टॉर्कला बसले तरच पॅलेट सुटते. ही कल्पना जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी रुजवली. डिझाइनमध्येच चूक अशक्य करता आली तर सर्वांत उत्तम, लाइनवर अडवता आली तर चांगलं, नुसता बझर वाजत असेल तर ते कमकुवत. कारण बझर बंद करता येतो.

पोका-योके रोज तपासायला मात्र विसरू नका. शिफ्टच्या सुरुवातीला मुद्दाम एक चुकीचा मास्टर जॉब लावून बघायचा. सेन्सर बिघडला असेल तर सगळे निर्धास्त असतात आणि माल तसाच जातो.

सीपीके, पीपीएम हे आकडे साध्या भाषेत समजावाल का?

पीपीएम म्हणजे दहा लाख नगांत किती खराब. एक टक्का रिजेक्शन म्हणजे १०,००० पीपीएम. ग्राहक कंपन्या आता दोन आकडी पीपीएम मागतात. त्यामुळे "आमचं फक्त एक टक्का" हे वाक्य ऑडिटमध्ये चालत नाही.

सीपी सांगतो की मापांचा पसारा मान्य मर्यादेत किती आरामात मावतो. सीपीके सरासरी मधोमध आहे का हेही बघतो. एक माप घेऊ. बोअर २५ मिलिमीटर, एच७ फिट, म्हणजे शून्य ते अधिक २१ मायक्रॉन. तुमच्या जॉबचं प्रमाण विचलन, म्हणजे सिग्मा, २ मायक्रॉन आहे. सहा सिग्मा झाले १२. २१ भागिले १२ म्हणजे सीपी १.७५, मशीनची कुवत भरपूर. पण सरासरी मधोमध १०.५ वर न राहता १६ वर सरकली, तर वरच्या मर्यादेपर्यंत उरतात फक्त ५ मायक्रॉन. ५ भागिले ३ सिग्मा, म्हणजे ६, बरोबर ०.८३. मशीन तेच, ऑपरेटर तोच, आणि आता माल बाहेर जाऊ लागला. साधारणपणे किमान १.३३ आणि सुरक्षेशी निगडित मापांना १.६७ मागतात.

त्याआधी गेज तपासा. मोजण्यातलाच फरक टॉलरन्सच्या, म्हणजे मापाच्या मान्य मर्यादेच्या, ३० टक्क्यांहून जास्त असेल तर ते गेज वापरण्यालायक नाही. १० टक्क्यांच्या आत हवा. डायल गेजची टोकं झिजलेली असतील तर पुढचे सगळे आलेख फुकट.

आमचा पंचवीस माणसांचा कारखाना. हे सगळं आम्हाला परवडेल का?

परवडेल, आणि तुम्हाला ते मोठ्यांपेक्षा लवकर जमेल, कारण मालक रोज शॉपवर असतो. सगळं एकदम काढू नका. एक लाल बिन ठेवा आणि रोज सकाळी दहा मिनिटं तिच्याभोवती उभं राहा : काल काय पडलं, का पडलं, कोण बघतंय. रिजेक्शन लपवलं जाणार नाही एवढा विश्वास आधी द्या. बिनमध्ये माल वाढला म्हणून ओरडलात, तर माल भंगाराच्या ढिगात खाली दडतो आणि आकडे सुंदर दिसतात.

दुसरी जागा सेटिंगची. प्रेसचा डाय, म्हणजे साचा, बदलायला तीन तास लागतात म्हणून आपण एकदम मोठा लॉट मारतो. मग दोष सापडेपर्यंत हजारो नग झालेले असतात. शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटातल्या १,००० टनी प्रेसचा डाय बदलण्याचा वेळ चार तासांवरून आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणला. मूळ युक्ती सोपी : प्रेस चालू असतानाच पुढचा डाय, पाने, क्लँप जवळ आणून ठेवायचे. बंद मशीनसमोर पाना शोधण्यात जाणारा वेळ घड्याळ लावून एकदा मोजा, डोळे उघडतील.

आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं प्रमाणपत्र मोठ्या कंपनीला थेट माल द्यायला बहुतेक ठिकाणी लागतं. ते घ्या. पण ऑडिटच्या आदल्या आठवड्यात भरलेल्या चेकशीट हे त्या मानकाचं सर्वांत मोठं नुकसान आहे. रोज भरली तरच ती तुम्हाला काही सांगते.

दर महिन्याला प्रत्येकाने दोन कायझेन द्यायचेच, असा नियम बरोबर आहे का?

माझं मत स्पष्ट आहे : असा नियम सुरू होताच फॉर्म भरतात आणि सुधारणा थांबते. महिनाअखेरीला जुन्याच रॅकला रंग देऊन आधी-नंतरचे फोटो काढले जातात. त्यापेक्षा प्रत्येक सूचनेला आठवड्यात उत्तर द्या : करतोय, करणार नाही आणि का नाही. बक्षिसाच्या रकमेपेक्षा त्या उत्तराची वाट माणसं जास्त बघतात.

सुधारणा झाली की माणसं कमी करतील, ही भीती खोटी आहे का?

खोटी नाही. अनेक ठिकाणी तसं झालंय. एका माणसाचं काम वाचवणारी सूचना दिली आणि पुढच्या महिन्यात शेजारच्याचं काम गेलं, तर त्या लाइनवर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही. १९५० च्या कपातीचा धडा टोयोटाने घेतला. १९६२ मध्ये व्यवस्थापन आणि युनियनने परस्पर विश्वासाचा संयुक्त जाहीरनामा केला. नम्मीत १९८८ च्या आसपास मागणी पडली, तेव्हा कामगारांना घरी न बसवता प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावलं.

आपल्या पट्ट्यांतली खरी अडचण वेगळी आहे. लाइनवरचा मोठा हिस्सा कंत्राटी कामगारांचा आणि अप्रेंटिसांचा असतो. सहा-आठ महिन्यांत हाताला जॉबची ओळख होते, तोवर मुलाचा करार संपतो. मशीनचा आवाज बदलला हे ज्याला कळू लागलं होतं तोच गेटबाहेर. गुणवत्तेवर बोलणाऱ्या प्रत्येक कंपनीने या प्रश्नाला उत्तर दिलं पाहिजे. सुरक्षेशी निगडित स्टेशनांवर तरी कायमची, नीट पगार असलेली माणसं हवीत.

भारतात या पद्धती कधी आल्या?

क्वालिटी सर्कल १९८० मध्ये हैदराबादच्या भेलमध्ये सुरू झालं. गाड्यांच्या धंद्यात मोठा बदल डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाहेर पडल्यावर झाला. सुझुकीने आपल्या पुरवठादारांनाही ही शिस्त लावली. १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाने डेमिंग पारितोषिक मिळवलं, असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय कंपनी. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने ते मिळवलं. आपल्या पिंपरीचं उदाहरण टाटांच्या इंडिका गाडीचं : १९९८ च्या शेवटी आली, सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, त्या सोडवून २००१ मध्ये व्ही२ आली आणि ती रस्त्यावर टिकली.

टोयोटालाही लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मग या पद्धतीचा उपयोग काय?

प्रश्न रास्त आहे. २००९-१० मध्ये फ्लोअर मॅट आणि ॲक्सिलरेटर पेडल अडकण्याच्या कारणावरून टोयोटाने जगभर गाड्या परत बोलावल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकी संसदीय समितीपुढे उभे राहिले आणि कंपनी माणसं तयार करण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने वाढली, अशा अर्थाची कबुली त्यांनी दिली. डिसेंबर २०२३ मध्ये त्याच समूहातल्या दायहात्सूला सुरक्षा चाचण्यांतले गैरप्रकार उघड झाल्यावर गाड्या पाठवणं थांबवावं लागलं. त्या चाचण्या करणाऱ्यांवर वेळापत्रकाचा प्रचंड दाब होता आणि "हे वेळेत होणार नाही" असं वर सांगायची सोय नव्हती. लाइनवर दोरी होती, चाचणी विभागात नव्हती. पद्धत एका शॉपपुरती ठेवली की असं होतं.

इलेक्ट्रिक गाड्यांत गुणवत्तेचे मुद्दे बदलतात का?

बदलतात. इंजिनातला बिघड बहुधा आवाज देतो, सेलमधला देत नाही. सेल जोडणीचे वेल्ड, पॅकची पाणीबंद सील, इन्सुलेशनचा रोध आणि पॅक जोडताना आत राहिलेला धातूचा कण या जागा नाजूक. २०२२ च्या उन्हाळ्यात इलेक्ट्रिक स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर एआयएस १५६ हे बॅटरीच्या सुरक्षेचं मानक कडक झालं. नव्या अटी डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या.

मी गाडी घेतली आहे. तिच्यात कंपनीला दोष सापडला तर मला कळेल का?

कळायला हवं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये ११०अ हे कलम आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सक्तीने गाड्या परत मागवण्याचे नियम लागू आहेत. कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून स्वतः बघा, विशेषतः जुनी गाडी घेतली असेल तर, कारण पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. दुरुस्ती फुकट असते. गॅरेजमध्ये तक्रार देताना लक्षण नेमकं लिहून घ्या : थंड असताना की तापल्यावर, किती वेगाला, कोणत्या बाजूने.

मी नवीन ट्रेनी आहे. पहिल्या महिन्यात काय करू?

एका स्टेशनवर तासभर न बोलता उभे राहा. ऑपरेटर किती वेळा वाकतो, किती वेळा काहीतरी शोधतो, कोणता जॉब दुसऱ्यांदा उचलतो ते वहीत लिहा. मग त्याच्याशी चहाच्या वेळेत बोला. "दादा, तुम्हाला सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?" एवढंच विचारा. वीस वर्षं काम केलेला माणूस दहा मिनिटांत तुम्हाला असं काही सांगेल, जे कोणत्याही कंट्रोल प्लॅनमध्ये, म्हणजे काय कसं तपासायचं त्याच्या तक्त्यात, नाही. त्यातली एक गोष्ट निवडा, ती त्याच्याबरोबर करून बघा, आणि कायझेनच्या शीटवर त्याचं नाव आधी लिहा.